पाळलेलें कांसव अकस्मात् मरतें तेव्हां

घरांतील कुत्रें मेलें तर घर सुन्न होतें. गाय मेली तर शेजारीपाजारी समाचाराला येतात. परंतु कांसव मेलें तर काय होतें? "कांसवच तें! त्यासाठीं कोणी रडतें काय?" असें म्हणून मोठीं माणसें आपापल्या कामाला लागतात, आणि ज्या मुलानें दोनतीन वर्षें रोज सकाळीं त्याला पाला घातला, त्याचें पाणी बदललें, तें मूल पडवीच्या कोपऱ्यांत एकटेंच बसून राहतें. आदल्या रात्रीं कांसव चांगलें होतें; सकाळीं पाहावें तों तें निश्चेष्ट. ना जखम, ना रक्त, ना कण्हणें. मुलाच्या मनांत एकच प्रश्न घोळत असतो : असें कां झालें? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, जो तें कोणाला विचारीत नाहीं : हें माझ्या हातून तर झालें नाहीं ना? ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें जितकीं देतां येतील तितकीं देण्याचें ह्या लेखांत आम्हीं योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं तो वाचावाच, पण पालकांनीं आधीं वाचावा अशी आमची इच्छा आहे.

मुक्या प्राण्यासाठीं शोक करणें हें आपल्याकडे नवें नाहीं. साताऱ्याजवळ संगम माहुलीस छत्रपति शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि आहे, व ती पाहून कोणी हंसत नाहीं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वांट्याला मात्र हा मान आला नाहीं. ते अंगानें थंड, त्यांना आवाज नाहीं, शेपूट हलवून ते प्रेम दाखवीत नाहींत. म्हणून त्यांच्यावर कोणाचा जीव जडेल हें लोकांना पटत नाहीं. लहान मुलें असा भेद करीत नाहींत. शिवाय कांसव अगदींच परकें राहतें असेंहि नाहीं. अन्न देणाऱ्याची चाहूल तें ओळखूं लागतें, ठराविक वेळीं ठराविक कोपऱ्यांत येऊन मान वर करतें. देवळाच्या सभामंडपांतील दगडी कांसवाला हात लावून मगच आंत जाणारे आपण लोक. पण जिवंत कांसवाच्या मरणाला इतकें हलकें लेखतों, ही मोठी विचित्र गोष्ट आहे.

आपल्या डहाणू-तलासरी भागांत मुलांच्या हातीं येणारीं कांसवें बहुधा दोन प्रकारचीं असतात. एक तळ्यांत, ओहोळांत व विहिरींत सांपडणारें मऊ पाठीचें कांसव, ज्याच्या पोटाकडील बाजूस मागचे पाय झांकून घेणाऱ्या झडपा असतात. पाणी स्वच्छ राहतें अशा समजुतीनें कित्येक लोक तें मुद्दाम विहिरींत सोडतात. दुसरें शहरांतील दुकानांतून कांचेच्या पेटीसह विकत आणलेलें, कानाजवळ तांबडा पट्टा असलेलें परदेशी कांसव. ह्यांपैकीं पहिलें, तसेंच पाठीवर चांदण्या असलेलें 'स्टार' कांसव, हीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित आहेत व घरीं बाळगणें गुन्हा आहे. ज्यांच्या घरीं असें कांसव आज जिवंत असेल त्यांनीं तें वन विभागाच्या स्वाधीन करावें हें आम्ही स्पष्टपणें सांगतों. कायद्याची भीति घालण्याचा आमचा हेतु नाहीं. पुढें जें सांगावयाचें आहे त्यावरून हा निर्बंध कांसवाच्या हिताचाच आहे हें आपोआप ध्यानीं येईल.

कांसवाचें मरण आपणांस इतकें अनपेक्षित वाटतें ह्याचें एक कारण आपल्या जुन्या समजुतींत आहे. कांसव म्हणजे दीर्घायुषी, शंभर वर्षें जगणारें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयांत अद्वैत नांवाचें एक प्रचंड कांसव होतें. तें क्लाइव्हच्या पदरचें होतें अशी दंतकथा असे, व तें अडीचशें वर्षांचें असावें असें लोक मानीत. तें २००६ च्या मार्च महिन्यांत मेलें. अशा गोष्टी ऐकल्या म्हणजे आपल्या घरचें तळहाताएवढें कांसव तीन वर्षांत मरतें हा जणूं निसर्गाचा नियमभंगच वाटतो, व मग कोणाचा तरी दोष शोधण्याकडे मन धांवतें. परंतु दीर्घायुष्य ही वांचलेल्यांची कथा आहे. समुद्रकांसवाच्या हजार पिलांतून एखादेंच वयांत येत असावें असें अभ्यासक मानतात. कांसवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीनें वाढविते अशी कल्पना आपल्या संतांच्या वाङ्मयांत वारंवार येते. ती कल्पना गोड आहे. प्रत्यक्षांत मात्र कांसवी वाळूंत अंडीं पुरते आणि निघून जाते. तिचें पिल्लूं जन्मल्या क्षणापासून पोरकेंच असतें, आणि बहुतेक पिलें लवकरच मरतात. फक्त तीं मरतांना आपण तेथें नसतों.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे, व तें नीट समजून घेतलें पाहिजे. कांसव, सरडा, साप हे सर्व प्राणी आपल्या शरीराची ऊब स्वतः उत्पन्न करीत नाहींत. ती ते ऊन, तापलेला दगड, कोमट पाणी ह्यांपासून घेतात. त्यामुळें त्यांच्या शरीराचा सर्व कारभार मंद गतीनें चालतो. अन्न हळू पचतें, जखम हळू भरते, आणि रोगहि हळूच वाढतो. ज्या आजारानें कोंबडी दोन दिवसांत मान टाकील तशाच आजारांत कांसव कित्येक आठवडे काढतें. ह्यांत भर अशी कीं, रानांत जो प्राणी आजारी दिसतो त्याच्यावर शत्रूची झडप आधीं पडते. म्हणून शेवटपर्यंत दुखणें न दाखविणें हा ह्या जातीचा स्वभावच बनला आहे. तें थोडें कमी खातें, थोडें अधिक वेळ स्वस्थ बसतें, इतकेंच. कांसव स्वस्थ बसलें ह्यांत नवल तें काय, असें आपणांस वाटतें. ज्या रात्रीं तें मरतें ती रात्र त्याच्या आजाराची पहिली नसून शेवटची असते. तेव्हां 'काल तर चांगलें होतें' हें मुलाचें म्हणणें खोटें नसलें तरी अपुरें आहे. काल तें चांगलें दिसत होतें. एवढा एक भेद जरी मुलाच्या मनांत उतरला तरी त्याचें अर्धें ओझें कमी होतें, कारण जें दिसण्यासारखें नव्हतें तें न दिसल्याचा दोष कोणी आपल्या माथीं घेण्याचें कारण नाहीं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असेल तर लांब जावयास नको. डहाणूंत पारनाक्यावर वन विभागाच्या आवारांत समुद्रकांसवांच्या शुश्रूषेचें एक केंद्र आहे. वन विभाग आणि 'वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन अँड अॅनिमल वेल्फेअर असोसिएशन' ही स्थानिक संस्था ह्यांच्या सहकार्यानें तें चालत आलें आहे. पावसाळ्यांत समुद्र खवळला म्हणजे झाईपासून बोर्डी, घोलवड, चिखले, नरपडपर्यंतच्या किनाऱ्यावर थकलेलीं, जखमी कांसवें लाटांबरोबर येऊन पडतात. बहुतेक ऑलिव्ह रिडले जातीचीं, कधीं हिरवीं, क्वचित् ससाण्यासारख्या चोंचीचीं. कोणाचा पुढचा वल्हासारखा पाय टांकून दिलेल्या जाळ्यानें आवळून अर्धवट तुटलेला असतो, कोणाची पाठ फुटलेली असते. पण ज्यांच्या अंगावर ओरखडाहि नाहीं अशीं कांसवेंहि येतात, व पाण्याच्या टाकींत सोडलीं तर बुडीच मारूं शकत नाहींत. एका अंगावर कलंडून वरच्या वर तरंगत राहतात. ह्याचें मर्म कांसवाच्या घडणींत आहे. त्याचीं फुप्फुसें पाठीच्या ढालीखालीं वरच्या बाजूस पसरलेलीं असतात, आणि आपल्या छातीपोटामध्यें जसा स्नायूचा पडदा असतो तसा त्याला नसतो. म्हणून फुप्फुसांत कफ किंवा पाणी सांठलें तर तें जोरानें खोकून बाहेर टाकूं शकत नाहीं. एका बाजूचें फुप्फुस भरलें कीं शरीराचा तोल जातो. कांहींच्या आंतड्यांत वायु कोंडतो, कांहींच्या पोटांत समुद्रांत वाहून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे असतात.

अशा कांसवाला मासळी भरवून, औषध टोंचून, पाणी बदलून कार्यकर्ते जपतात. तें खाऊं लागतें, डोळे उघडून पाहतें, आणि एके दिवशीं सकाळीं मेलेलें आढळतें. ही गोष्ट अशा शुश्रूषेच्या जागीं नेहमींचीच आहे. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय, ज्यांच्या हाताशीं पशुवैद्य व औषधें, त्यांच्याहि हातून कांसवें अशीं निसटतात. मग आठवीनववींतल्या मुलाला एकट्यानें तें वांचवितां आलें नाहीं ह्यांत अपराध कसला?

घरच्या कांसवाच्या बाबतींत मरणाचीं संभाव्य कारणें आणखीहि असतात, व तीं पुढच्या वेळीं उपयोगी पडतील म्हणून थोडक्यांत सांगतों. घराच्या आंत, कांचेच्या पेटींत ठेवलेल्या कांसवाला प्रत्यक्ष ऊन मिळत नाहीं. खिडकीच्या कांचेंतून आलेलें ऊन ह्या कामीं चालत नाहीं, कारण त्यांतील जो किरण हाडांना हवा असतो तोच कांच अडविते. मग चुना, म्हणजे कॅल्शियम, अंगीं लागत नाहीं. पाठीची ढाल मऊ पडते, हाडें ठिसूळ होतात, व अखेरीस हृदयाच्या स्नायूवरहि परिणाम होतो. उलट, उन्हांत ठेवून सांवली न दिली तर वैशाखाच्या दुपारीं उथळ भांड्यांतील पाणी इतकें तापतें कीं घटकाभरांत तें दगावतें. उताणें पडलेलें व पुन्हां सरळ होऊं न शकलेलें कांसवहि असेंच मरतें. पाण्यांतील कांसव पाण्यांत बुडून मरूं शकतें हें ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतें. पण त्याला मासळीसारखे कल्ले नाहींत, तें हवेंतच श्वास घेतें, व चढून बसण्यास दगड नसला तर थकून बुडतें. मादी असेल तर नर नसतांहि तिच्या पोटांत अंडीं तयार होतात, आणि घालण्यास वाळू किंवा माती न मिळाल्यास तीं अडकून ती मरते. चिकूच्या वाड्यांतून फवारलेलें औषध लागलेला पाला घालणें हेंहि एक कारण होऊं शकतें. आपल्या भागांतील मुलांनीं तें विशेषतः लक्षांत ठेवावें.

परंतु ह्या सर्वांच्या आधीं एक खात्री करून घ्यावी लागते, ती ही कीं कांसव खरोखरच मेलें आहे काय? हा प्रश्न वेडगळपणाचा नाहीं. उन्हाळ्यांत तलासरीकडील लहान तळीं आटूं लागलीं म्हणजे मऊ पाठीचें कांसव चिखलांत स्वतःला पुरून घेतें व पाऊस येईपर्यंत तसेंच पडून राहतें. नांगरतांना किंवा माती काढतांना तें बाहेर आलें तर लोकांना तें मेलेलेंच वाटतें. थंड देशांत हाच प्रकार हिंवाळ्यांत होतो. इंग्लंडांत सेलबोर्न गांवचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट ह्यांच्याजवळ टिमथी नांवाचें एक कांसव होतें. तें हिंवाळा आला कीं जमिनींत शिरे तें वसंत ऋतु येईपर्यंत वर येत नसे, व व्हाइटसाहेब त्याच्या जाण्यायेण्याच्या तारखा मोठ्या बारकाईनें टिपून ठेवीत. उत्तर अमेरिकेंतील एका जातीचें कांसव तर गोठण्याच्या बेतास आलेल्या पाण्यांत प्राणवायूवांचून तीन महिन्यांहून अधिक काळ जगूं शकतें. सांगण्याचा हेतु इतकाच कीं, हालचाल नाहीं व श्वास दिसत नाहीं एवढ्यावरून घाईनें पुरूं नये. डोळ्याच्या कडेला हलकेच स्पर्श करून पाहावा, सांवलींत, साध्या हवेंत कोरडें ठेवून एक दिवस वाट पाहावी, व शक्य तर पशुवैद्याला दाखवावें. डोळे खोल जाणें, अंग लुळें पडून मग ताठणें, आणि दुर्गंधि येणें, हीं लक्षणें दिसल्यावर मात्र आशा धरण्यांत अर्थ नाहीं. पालकांनीं ह्या एका दिवसाला कंटाळूं नये. मुलाला निरोप घेण्यास तो दिवस मिळतो, व आपण जिवंत प्राणी पुरला कीं काय ही शंका पुढें जन्मभर त्याला छळत नाहीं.

कारण शोधावयाचेंच असेल तर शवपरीक्षा हा एकच खरा मार्ग आहे. आपल्या हवेंत सरपटणाऱ्या प्राण्याचें शरीर झपाट्यानें कुजतें. तेव्हां मरण निश्चित होतांच तें पिशवींत घालून बर्फांत ठेवावें. गोठवूं मात्र नये, कारण गोठल्यानें आंतील अवयवांची रचना बिघडते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारल्यास पुढील वाट कळते. १८८६ सालीं मुंबईंत परळ येथें स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाला ह्या विद्येची मोठी परंपरा आहे. मात्र संरक्षित जातीच्या कांसवाचें शव ही कायद्यानें सरकारची मालमत्ता असते. समुद्रकिनाऱ्यावर मेलेलें कांसव दिसलें, किंवा असें कांसव कोणत्याहि प्रकारें ताब्यांत आलें, तर अठ्ठेचाळीस तासांच्या आंत वन विभागास किंवा पोलिसांस कळवावें लागतें. वन विभागाचा १९२६ हा दूरध्वनि क्रमांक त्यासाठींच आहे. किनाऱ्यावरील शव तेथेंच खड्डा करून पुरून टाकण्याची घाई कोणी करूं नये; त्यांतून पशुवैद्याला पुष्कळ शिकावयास मिळतें.

आतां सर्वांत कठीण भाग. एवढें करूनहि पुष्कळदां कारण कळत नाहीं. शव कुजलेलें असतें, किंवा सर्व अवयव पाहूनहि निश्चित असें कांहीं हातीं लागत नाहीं. दक्षिण अमेरिकेजवळील गालापागोस बेटांवर 'लोन्सम जॉर्ज' नांवाचें कांसव होतें. पिंटा बेटावरील जातीचें तें शेवटचें. सारें जग त्याच्यावर डोळे लावून बसलें होतें, पहारा होता, शास्त्रज्ञ होते. २४ जून २०१२ च्या सकाळीं फाउस्तो लेरेना ह्या जुन्या राखणदाराला तें मेलेलें आढळलें. त्याचें वय शंभराच्या आसपास मानीत, व त्याच्या जातीच्या मानानें तें फार म्हातारें नव्हतें, अशी सर्वांची समजूत होती. शवपरीक्षेअंतीं वार्धक्यामुळें नैसर्गिक मरण आलें इतकेंच सांगतां आलें.

आपल्याकडील एक उदाहरण तर ह्याहून अपुरें आहे. २०२२ सालीं रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पांच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशीं बोलणारीं लहान यंत्रें बसवून त्यांना समुद्रांत सोडण्यांत आलें. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी अशीं त्यांचीं नांवें. वर्तमानपत्रांतून लोक त्यांचा प्रवास नातेवाईकांच्या खुशालीप्रमाणें वाचीत. लक्ष्मीचे संदेश कांहीं आठवड्यांतच बंद झाले. यंत्र बिघडलें, कीं जाळ्यांत सांपडून ती मेली, हें कोणालाच सांगतां आलें नाहीं. तिच्यासाठीं काम करणाऱ्यांनीं त्या जागीं कोणतीहि कल्पित गोष्ट भरली नाहीं. 'संदेश बंद झाले' एवढेंच लिहिलें, आणि उरलेल्या कांसवांच्या नोंदी पुढें चालूं ठेवल्या.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम लांबवून सांगत आहों. जेथें कारण रिकामें असतें तेथें माणसाचें मन फार वेळ रिकामी जागा सहन करीत नाहीं. घरांतील कांसव मेलें कीं कोणी म्हणतें दृष्ट लागली, कोणी म्हणतें घरची लक्ष्मी गेली, कोणी आदल्या दिवशीं येऊन गेलेल्या शेजारणीचें नांव घेतें. वीस नखांच्या कांसवानें गुप्तधन सांपडतें अशा भ्रमानें ह्या गरीब प्राण्याची चोरटी विक्री होते, हेंहि त्याच अज्ञानाचें दुसरें टोंक. आपल्या पाड्यांतून कोंबड्या, गुरें किंवा मूल अकस्मात् दगावलें म्हणजे एखाद्या विधवेला 'भुताळी' ठरवून तिचा छळ झाल्याच्या गोष्टी वाचकांना आम्हीं नव्यानें सांगावयास नकोत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें असा आरोप करून छळणें हा गुन्हा ठरला आहे. पण कायदा पोलिस ठाण्यापाशीं सुरू होतो. संशय पडवींत सुरू होतो. ज्या मुलाला कांसवाच्या बाबतींत "कारण कळलें नाहीं" हें वाक्य शांतपणें उच्चारतां येतें, तें मूल मोठेपणीं गांवकीच्या बैठकींतहि तें वाक्य उच्चारूं शकेल, असा आमचा भरंवसा आहे. एखाद्याच्या अब्रूचें व प्राणाचें रक्षण त्या तीन शब्दांनीं होऊं शकतें.

पालकांना आतां दोन शब्द. १९४८ सालीं मारिया नॉज ह्या हंगेरियन संशोधिकेनें बुडापेस्टमधील तीन ते दहा वर्षांच्या पावणेचारशें मुलांशीं मरणाविषयीं बोलून एक निबंध प्रसिद्ध केला. पांच वर्षांच्या आंतील मुलांना मरण म्हणजे झोंप किंवा प्रवास वाटतो, व मेलेलें परत येईल असें तीं समजतात. त्यानंतरच्या वयांत मरण म्हणजे कोणी येऊन घेऊन जाणारा पुरुष असें वाटूं लागतें. नऊदहा वर्षांच्या सुमारास तें सर्वांना येणारें व परत न फिरणारें आहे हें कळतें. वयाच्या मर्यादा मुलागणिक थोड्या मागेंपुढें होतात, हें उघड आहे. परंतु ह्यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. लहान मुलाला "कांसव झोंपलें" असें सांगितलें तर तें खरेंच मानतें, व रात्रीं स्वतः झोंपावयास भितें. "मेलें, आतां तें श्वास घेत नाहीं, त्याला दुखत नाहीं, आणि तें परत येणार नाहीं," असें सरळ सांगावें. मूल रडलें तर रडूं द्यावें. त्याच दिवशीं बाजारांतून तसेंच दुसरें कांसव आणून गुपचुप पेटींत ठेवणारे वडील आम्हांस ठाऊक आहेत. हेतु प्रेमाचा असतो, पण चार दिवसांनीं पाठीवरील ठिपका वेगळा दिसला कीं मूल जें शिकतें तें कांसवाविषयीं नसतें, वडिलांविषयीं असतें.

कांहीं मुलें रडत नाहींत, उलट मोठ्यानें हंसतात, खेळावयास धांवतात, व आठवड्यानें एकाएकीं जेवण टाकतात. तेंहि दुःखच. आणखी एक : धाकट्या भावंडावर आळ घालूं देऊं नये. "तूंच काल त्याला उचललें होतेंस" हें वाक्य रागाच्या भरांत निघतें, आणि तें पुष्कळ वर्षें घरांत राहतें. चूक खरोखरच झाली असेल, म्हणजे पाणी बदलावयाचें राहिलें किंवा पेटी उन्हांत राहिली, तर ती लपवूंहि नये व फुगवूंहि नये. काय झालें तें एका कागदावर तारखेसह लिहावें : काय खाल्लें, पाणी कधीं बदललें, हवा कशी होती. लिहितां लिहितां अपराधाचें भूत बरेंचसें आपल्या खऱ्या आकाराला येतें.

शाळेंत आम्हांस एक प्रश्न नेहमीं विचारला जातो : कांसव देवाघरीं जातें काय? शुभवर्तमानांत प्रभूनें चिमण्यांविषयीं जें सांगितलें आहे तें मुलांना ठाऊक आहे. कवडीमोलाचा जीवहि पित्याच्या दृष्टीआड नाहीं एवढें तेथें स्पष्ट आहे. त्याहून अधिक सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि मुलाचें समाधान होण्यास बहुधा तेवढें पुरतें.

मूठमाती देतांना मुलाला बरोबर घ्यावें, पण कुदळ मोठ्यानें चालवावी. विहिरीपासून दूर, दोन फुटांहून खोल खड्डा असावा, म्हणजे कुत्रीं उकरणार नाहींत. नंतर साबणानें हात स्वच्छ धुवावे, कारण निरोगी कांसवाच्याहि अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात व त्यांपासून लहान मुलांना जुलाब व ताप होतो. ह्याच भयानें अमेरिकेंत १९७५ सालीं चार इंचांहून लहान कांसवें विकण्यास बंदी झाली. पेटी, दगड, भांडें हीं उकळत्या पाण्यानें धुऊन उन्हांत वाळवावीं, व निदान कांहीं महिने त्यांत दुसरा जीव ठेवूं नये. जोडीचें दुसरें परदेशी कांसव मागें राहिलें असेल तर "त्याला तरी मोकळें करूं" म्हणून कुर्झे धरणांत किंवा गांवतळ्यांत सोडण्याची इच्छा मुलांना होते. ती दयेची असली तरी चुकीची आहे. हें परकें कांसव अधाशी असतें, तेथील मूळच्या कांसवांचें अन्न व उन्हांत बसण्याची जागा बळकावतें, आणि त्याच्याबरोबर रोगहि जातात. तें पशुवैद्याच्या सल्ल्यानें घरींच जपावें, किंवा तें नीट सांभाळील अशा माणसाच्या हवालीं करावें.

कित्येक मुलें आठवण म्हणून कांसवाची ढाल ठेवूं पाहतात. देशी जातीच्या कांसवाची ढाल बाळगण्यास कायद्यानें मनाई आहे. आठवणीसाठीं त्याचें चित्र काढावें, त्याच्या मापाचा कागद कापावा, किंवा तो तारखांचा कागद जपून ठेवावा. गिल्बर्ट व्हाइट ह्यांनीं आपल्या टिमथीच्या तशाच नोंदी ठेविल्या होत्या. ते स्वतः १७९३ सालीं वारले, आणि कांसव त्यांच्या मागून पुढील वर्षीं गेलें. त्याची ढाल लंडनच्या संग्रहालयांत ठेविलेली आहे. ती तपासल्यावर टिमथी नर नसून मादी होती असें आढळून आलें.